मूल, मुंबई आणि आठ सणांचं चाक: नव्या पेगन आईबाबांसाठी

थोरली दुसरीत होती. पालकसभा संपल्यावर तिच्या बाईंनी मला खुणेनं थांबवलं, इकडेतिकडे बघितलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "अहो, ती वर्गात सांगत होती, माझी आई चेटकीण आहे म्हणून. घरी सगळं ठीक आहे ना?"

चूक माझीच होती. इंग्रजी वाचनातून आलेला 'विच' हा शब्द मी घरात गमतीगमतीत मराठी करून टाकला होता. तिकडे विक्का नावाच्या पेगन पंथातले लोक तो शब्द छाती काढून मिरवतात. आपल्याकडे त्याच शब्दावरून बायकांनी मार खाल्लाय, गाव सोडलंय. तो शब्द सात वर्षांच्या पोरीच्या तोंडी देऊन मी तिला शाळेत एकटीला उभं केलं होतं.

आधी शब्द ठरवा

मूल शाळेत जायच्या आधी घरात बसून ठरवा, की आपण जे करतो त्याला काय म्हणायचं. मोठ्यांसाठी पेगन हा शब्द ठीक आहे. तो एका धर्माचा शब्द नाही, निसर्गाला आणि जुन्या देवांना मानणाऱ्या बऱ्याच वाटांचं मिळून एक नाव आहे. विक्का ही त्यातली सगळ्यात ओळखीची वाट. ब्रिटनमध्ये चेटूकविरोधी जुना कायदा १९५१ साली रद्द झाला आणि १९५४ मध्ये जेराल्ड गार्डनर यांनी या पंथाबद्दल उघडपणे पुस्तक लिहिलं, तिथून ती लोकांसमोर आली. जुन्या केल्टिक परंपरेला मानणारी ड्रुइड मंडळी वेगळी, उत्तरेकडच्या जुन्या देवांना मानणारे वेगळे. या शेवटच्यांची आइसलंडमधली संघटना १९७२ ची, आणि पुढच्याच वर्षी तिला सरकारी मान्यताही मिळाली. सगळ्यांना लागू होईल असा एक ग्रंथ नाही, वरून आज्ञा देणारा कोणी गुरू नाही. म्हणजे मुलाला काय सांगायचं हे तुम्हालाच ठरवायचं आहे, आणि हेच नव्या माणसाला जड जातं.

मुलाला मात्र एवढं सगळं नको. त्याला एक वाक्य लागतं, मधल्या सुट्टीत डबा खाताना म्हणता येईल असं. आमचं वाक्य आहे, "आमच्या घरी चंद्र, पाऊस, झाडं यांना मानतात, आणि सणही करतात." ते खरं आहे, त्यात लपवाछपवी नाही, आणि ऐकणाऱ्याला पुढे काही विचारावंसं वाटत नाही. दोनतीनदा घरात खेळाखेळात म्हणून घ्या.

दुसरं टोकही टाळा. 'अहो, हे म्हणजे आपलंच की, नुसतं नाव इंग्रजी' असं म्हणून नातेवाइकांना गप्प करायचा मोह होतो. मीही करून बघितलं. पण तुळशीपुढे दिवा लावणाऱ्या बाईची श्रद्धा वेगळ्या घरातून आलेली असते. आरेतल्या पाड्यांवर वारली लोकांचा वाघोबा आहे. तो त्यांचा देव आहे, आपल्या कोपऱ्यात शोभेला ठेवायची वस्तू नव्हे. पोरांना मी एवढंच शिकवलंय: समोर गेलात तर हात जोडा, फोटो काढू नका, आणि 'आमचाही आहे' असं म्हणू नका.

घरातल्यांना विचारा, मग पहिला दिवा लावा

जोडीदार या वाटेवर नसेल तर मुलाला सामील करायच्या आधी त्याचं किंवा तिचं मन वळलेलं हवं. नुसतं 'कर तुला काय करायचं ते' पुरत नाही. आमच्या ह्यांना यातलं काही पटत नाही. त्यांनी दोन अटी घातल्या: मुलांना कशाची भीती घालायची नाही, आणि आजीआजोबांचं काही मोडायचं नाही. मला तेव्हा राग आला होता. आज वाटतं, त्या अटी मीच घालायला हव्या होत्या.

सासूबाईंशी माझं जमलं ते चंद्रामुळे. त्या संकष्टी करतात. चंद्र दिसल्याशिवाय जेवत नाहीत, आणि आमच्या तिसऱ्या मजल्यावरून समोरच्या टॉवरमुळे चंद्र दिसायला कालनिर्णयमधल्या वेळेहून चांगला अर्धा तास जास्त जातो. थोरली पाच वर्षांची असताना मी तिला पौर्णिमा-अमावस्या दाखवायला लागले होते, पेगन लोक पौर्णिमेला जे छोटं पूजन करतात, एस्बॅट, त्याची तयारी म्हणून. आजीनं तिला कामाला लावलं. गच्चीवर जायचं, चंद्र टाकीच्या वर आला की जिन्यातून ओरडायचं, "आजी, आला!" तीनचार महिन्यांत पोरीच्या लक्षात आलं, की संकष्टीचा चंद्र पूर्ण गोल नसतो, एका बाजूनं थोडा खाल्लेला असतो, आणि पौर्णिमेनंतर तो रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा येतो. मी पुस्तकातून शिकवलं असतं तर वर्ष गेलं असतं. कालनिर्णयच्या चौकोनांत ती पेन्सिलीनं चंद्राचे आकार काढायला लागली. ते कॅलेंडर मी जपून ठेवलंय.

नव्यांनी इथूनच सुरुवात करावी. महिनाभर फक्त चंद्र. मेणबत्त्या, मंत्र, वर्तुळ आखणं, काही नको.

वर्षाचं चाक मुंबईच्या रस्त्यावर आणा

पेगन वर्षात आठ सण असतात. साधारण ३१ ऑक्टोबरला सॉविन, २१ डिसेंबरच्या आसपास यूल, फेब्रुवारीच्या सुरुवातीला इम्बोल्क, २० मार्चच्या सुमारास ओस्तारा, १ मे रोजी बेल्टेन, २१ जूनला लिथा, १ ऑगस्टला लूनासा आणि २२ सप्टेंबरच्या आसपास मेबन. नवीन माणूस पहिल्या वर्षी हे सगळं तसंच्या तसं करायला जातो. मीही ऑक्टोबर हीटमध्ये पंख्याखाली बसून 'आता थंडी सुरू होतेय' असं पोरांना सांगितलं होतं. धाकट्यानं घाम पुसत विचारलं, "कुठे?"

प्रश्न बरोबर होता. लंडनला २१ जूनचा दिवस साडेसोळा तासांचा आणि २१ डिसेंबरचा आठ तासांहूनही कमी. तिथल्या माणसाला सूर्य परत येतोय याचा आनंद का होतो हे कोणालाही कळेल. मुंबईत तोच फरक सव्वातेरा आणि अकरा तासांचा. पोराला तो जाणवतच नाही. पोराला जाणवतो तो पहिला पाऊस.

चाक बदलताना अपराधी वाटून घेऊ नका. हे आठाचं चाक एकत्र जुळलं तेच गेल्या शतकाच्या मध्यावर. लिथा आणि मेबन ही नावं तर अमेरिकेतल्या एडन केली यांनी १९७०च्या दशकात त्या सणांना दिलेली. ऑस्ट्रेलियातले पेगन लोक अख्खं चाक सहा महिने उलटं फिरवतात, कारण त्यांचा उन्हाळा डिसेंबरात. आपण थोडं सरकवलं तर काय बिघडलं!

आमच्या घरात आता असं चालतं. यूलला सूर्योदय बघायचा. मुंबईत त्या दिवसांत सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो, त्यामुळे पोरांना पहाटे ओढून काढावं लागत नाही, हा या शहराचा एक फायदाच. गच्चीवर चटई, थर्मासमध्ये आल्याचं दूध, आणि सूर्य दिसला की प्रत्येकानं एकेक तिळाची वडी त्याच्याकडे धरायची आणि मग खायची. संक्रांत तीनेक आठवड्यांवर असते, तिळाची वडी तिथूनच उचलली. दोन्ही पोरांचं बोरन्हाणही केलं, काळ्या कपड्यांत, हलव्याच्या दागिन्यांत, डोक्यावरून बोरं-चुरमुरे ओतून. ते मी पेगन म्हणून केलं नाही. आजीला हवं होतं आणि पोरांना मजा आली, बस.

इम्बोल्कचं मूळ आयर्लंडमधलं, मेंढ्यांना दूध उतरायच्या दिवसांतलं. आमच्याकडे त्या आठवड्यात आंब्याचा मोहोर शोधायला निघायचं आणि राष्ट्रीय उद्यानात काटेसावर फुलली का बघायचं. ओस्ताराला विशेष काही नाही. त्या दिवसांत परीक्षा असतात आणि होळी-पाडव्यात सगळं सामावून जातं. १ मेचं बेल्टेन सोपं आहे, कारण सुट्टी असते. धाकटा बरीच वर्षं समजत होता की शिवाजी पार्कचं संचलन बेल्टेनसाठीच असतं. मी लगेच सुधारलं नाही, खोटं कशाला बोलू. त्या दिवशी आम्ही बहावा बघायला जातो. एकेक माणूस आपलं झाड निवडतो आणि वर्षभर त्याच्याकडे लक्ष ठेवतो. तिकडे बेल्टेनला मोठी आग पेटवतात, ती हौस सोसायटीच्या पार्किंगमध्ये भागवू नका. ताटात पाणी, पाण्यात दिवा, एवढी आग पुरते.

लिथाचं काय करायचं हे कोडं होतं. २१ जूनला मुंबईत सूर्य दिसला तर नशीब. मग थोरलीनं विज्ञानाच्या तासाला शून्य सावलीबद्दल ऐकलं. मुंबई कर्कवृत्ताच्या दक्षिणेला, त्यामुळे वर्षातून दोनदा भरदुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो. त्यातला जुलैचा दिवस ढगात जातो, पण मेच्या मध्यावरचा, साधारण १५-१६ तारखेचा, हमखास मिळतो. साडेबारा वाजून चारपाच मिनिटं झाली की गच्चीवर स्टीलचा पेला उपडा ठेवायचा. हळूहळू सावली पेल्याच्या खाली शिरते आणि नाहीशी होते. पोरं अंगठ्यांवर उभं राहून आपापली सावली शोधतात. मला कोणत्याही पूजेत एवढी शांतता मिळालेली नाही. आमचं लिथा त्या दिवशी. जूनमध्ये कधी ढग फाटलेच, तर भरदुपारी सावली दक्षिणेकडे पडलेली दिसते, एरवीच्या उलट. ते बघायचं आणि भजी खायची.

लूनासा हा तिकडे पहिल्या पिकाचा सण. आपल्याकडे १ ऑगस्टला भात नुकताच लावलेला असतो, कापायचं काय? पण बाजार बघा. जूनपासून पालघर-ठाण्याच्या आदिवासी बायका रानभाज्या घेऊन स्टेशनाबाहेर बसलेल्या असतात. शेवळं, टाकळा, कर्टुली. पावसाचं पहिलं पीक तेच. पोरांना सोबत न्या आणि विकणारीला विचारायला लावा, "मावशी, ही कशी करायची?" शेवळं घेतलीत तर सोबत काकडंही घ्या, ती विकणारीच आठवण करून देते. त्यांच्याशिवाय शेवळं घशाला खाजतात. पहिल्या वर्षी मी शहाणपणा करून काकडं घेतली नाहीत आणि आमचं सणाचं जेवण ताकाच्या तांब्यानं संपलं. नारळी पौर्णिमेला वर्सोव्याला कोळीवाड्यात ओळखीच्यांकडे जातो, पाहुणे म्हणून, लांबून.

मेबनला भोंडल्याच्या तयारीचे दिवस जवळ असतात, तेवढं पुरतं. सॉविनचं पितरांना आठवणं मी सर्वपित्री अमावास्येला सरकवलं. ह्यांच्या घरी कावळ्याचा घास ठेवतातच. ३१ ऑक्टोबरला फक्त एक रिकामं पान वाढतो आणि एकेक जण गेलेल्या माणसाची एक गोष्ट सांगतो. नंतर पोरं सोसायटीत भूत बनून चॉकलेटं मागत फिरतात. फिरू दे.

कोपरा लहान ठेवा, पोराच्या हाताला लागेल असा

वन बीएचकेत वेगळी खोली कुठून आणणार? आमचा अल्टर, म्हणजे पूजेची जागा, ही चपलांच्या कपाटाच्या शेजारची बुटकी फळी. तिच्यावर एक ताट. पृथ्वीसाठी कुंडीतली माती, पाण्यासाठी पहिल्या पावसाचं पाणी लहान बाटलीत, वाऱ्यासाठी कागदाची भिंगरी, अग्नीसाठी दिवा. पाच वर्षांखालच्या पोराला सेलवरचा दिवा द्या. पंचमहाभूतं पोरांना आजीकडून आधीच माहीत होती, पाचवं काय ठेवायचं यावर बरीच चर्चा झाली. धाकट्यानं रिकामी वाटी ठेवली, "आकाश आहे त्यात."

राष्ट्रीय उद्यानातून दगड, पिसं, शेंगा उचलून आणू नका. तिथलं तिथेच ठेवायचं ही शिकवण या वाटेवर मुळातली आहे. कबुतराचं पीस तर घरातच नको.

आता जिवाशी खेळ होईल अशा गोष्टी. कापराच्या वड्या पोराच्या हाताला लागू देऊ नका. पोटात गेल्या तर लहान मुलांना फिट्स येतात. निलगिरीसारखी तीव्र तेलं लहान मुलांच्या अंगाला, नाकाला लावायची नाहीत. परकीय पुस्तकांत 'आसपासच्या वनस्पती गोळा करा' असं लिहिलेलं असतं. मुंबईत आसपास धोतरा आहे, कण्हेर आहे, बिट्टी आहे, आणि तिन्ही विषारी. पोरांना ही तीन झाडं गुलाबाच्याही आधी ओळखता आली पाहिजेत. धूप-उदानं कोणाला धाप लागत असेल तर धूप बंद.

आणि आजारी पोराला डॉक्टर. ताप आला की पाला, काढा, ऊर्जा, काहीही मध्ये आणू नका. महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी त्यासाठी वर्षानुवर्षं खस्ता खाल्ल्या, आणि त्यांच्या खुनानंतर तो आला. घरात दिवा लावून चंद्राला हात जोडायला तो आड येत नाही. पण साप-विंचू-कुत्रा चावलेल्या माणसाला उपचारांपासून अडवून मंत्र मारणं त्यात गुन्हा आहे. पेगन आईबापांनी हा कायदा आपला मानावा असं मला वाटतं. पैसे घेऊन मुलांची 'नजर' उतरवणारे आपल्या वर्तुळातही भेटतात.

जादूबद्दल बोलायची वेळ येते

हे टळत नाही. चारपाच वर्षांचं पोर विचारतंच, "आई, तू जादू करतेस?"

धाकटा पाच वर्षांचा होता. जुलै महिना, शाळेत जायचा कंटाळा. त्यानं माझं बघून निळ्या दोऱ्याला सात गाठी मारल्या आणि ताटात ठेवून म्हणाला, "खूप पाऊस पडू दे, शाळेला सुट्टी मिळू दे." मला कौतुक वाटलं. मी फोटो काढला. दुसऱ्या दिवशी धो धो पाऊस, सुट्टी जाहीर, पोरगा घरभर नाचतोय. संध्याकाळी तळमजल्यावरच्या काकूंच्या घरात गुडघाभर पाणी. त्यांचा फ्रिज गेला, गाद्या गेल्या. आम्ही सगळे बादल्या घेऊन खाली. धाकटा जिन्यातच बसून राहिला. रात्री ताटातला दोरा घेऊन आला आणि रडत रडत म्हणाला, "गाठी सुटत नाहीत. काकूंना सांगू नको मी केलं म्हणून."

त्या रात्री मी गाठी सोडत बसले आणि त्याला समजावत. पाऊस समुद्रावरून येतो, तुझ्या दोऱ्याच्या आधीच निघाला होता. दोऱ्यानं पाऊस हलत नाही. दोऱ्यानं आपल्याला कळतं, आपल्याला काय हवंय. त्याला ते पटायला आठवडा गेला.

त्या वयात पोरांना मनातली इच्छा आणि बाहेर घडणारी गोष्ट यांत अंतर दिसत नाही. कोणी आजारी पडलं तरी त्यांना वाटतं, मी रागावलो म्हणून झालं. अशा पोराच्या हातात स्पेल, म्हणजे इच्छा पुरी करायचा जादूचा विधी, देणं म्हणजे त्याच्या डोक्यावर ओझं देणं. आमच्याकडे आता नियम आहे: आठ वर्षांपर्यंत फक्त आभार. मागणं नंतर. आणि मागायला लागलं तरी दोन गोष्टी. कोणाचं वाईट होईल असं काही नाही, विक्काचा मूळ दंडकच तो आहे. आणि मागितलं की त्याच दिवशी त्यासाठी हातानं एक काम करायचं. थोरलीनं गणिताच्या पेपरासाठी मेणबत्ती लावली तर सोबत सरावाची दोन पानं. बहुतेकदा ती मेणबत्तीच विसरते.

बारसं, शाळा, कागद

विक्कात बाळासाठी आशीर्वादाचा छोटा विधी असतो, विक्कनिंग. त्यानं मूल त्या वाटेला बांधलं जात नाही, मोठेपणी निवड त्याची. दीक्षा तर बरेच कव्हन, म्हणजे विक्कावाल्यांचे गट, अठराच्या आत देतच नाहीत. बारसं आधीच ठरलेलं असेल तर वेगळा घाट घालू नका. पाळण्याखाली मातीची पणती ठेवली तरी झालं.

शाळेच्या फॉर्ममध्ये धर्माचा रकाना असतो. मुंबई उच्च न्यायालयानं २०१४ मध्ये म्हटलंय, की मी कोणत्याच धर्माचा नाही असं सांगायचा हक्क नागरिकाला आहे आणि सरकार कोणाला धर्म लिहायची सक्ती करू शकत नाही. तरी घाईनं काही बदलू नका. शाळा सोडल्याच्या दाखल्यावरच्या धर्म-जातीच्या नोंदी पुढे जातीच्या दाखल्याला लागतात. आईच्या हौसेपायी पोराची सवलत जायला नको. आम्ही रकाना होता तसा ठेवला. मान्यताप्राप्त शाळेत धार्मिक शिक्षणाला बसायची सक्ती नको असेल, तर राज्यघटनेचं २८ वं कलम पालकांच्या बाजूनं आहे. पण प्रार्थनेला उभं राहण्यावरून भांडू नका, पोराला वर्गात अडचण होते.

भेटीगाठी

मुंबईतले बहुतेक पेगन एकेकटे साधना करतात आणि ओळखी फोनवरच होतात. मुलांना त्यात आणायच्या आधी त्या माणसांना दोनतीनदा बागेत, उघड्यावर, दिवसाउजेडी भेटा. काही विक्का परंपरांत कपड्यांविना विधी करतात. तिथे मुलांचं काम नाही, यावर वाद घालायला बसूच नका. आणि जो मोठा माणूस मुलाला म्हणेल, "हे आपल्या दोघांतलं गुपित, आईला सांगू नको," त्याच्याशी संबंध तिथेच संपवा, तो कितीही ज्ञानी असो. पोरांना १०९८ हा मुलांच्या हेल्पलाइनचा नंबर पाठ हवा. गुप्त ज्ञानाच्या नावाखाली चालणाऱ्या गोष्टींना मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या पोक्सो कायद्यात सूट नाही.

आणि ते नाही म्हणालं तर

थोरली आता तेरा वर्षांची आहे. गेल्या यूलच्या आधी तिनं जाहीर केलं, "मी नाही येणार गच्चीवर. मला यातलं काही वाटत नाही." मी तोंड वाकडं केलं, ह्यांनी माझ्याकडे बघितलं, मी गप्प बसले. सकाळी आम्ही दोघंच वर गेलो, धाकटा आणि मी. सूर्य टॉवरच्या मागून आला, वड्या खाऊन झाल्या. धाकट्यानं एक वडी कागदात गुंडाळून खिशात ठेवली. खाली आलो तर ती क्लासला निघालेली, बूट घालत होती. त्यानं वडी पुढे केली. तिनं ती घेतली, दारातून बाहेर पडता पडता क्षणभर पूर्वेकडच्या खिडकीकडे धरली, आणि तोंडात टाकून जिना उतरली.